पहिल्या पावलाची पडताळणी

समक्षरावांची उजवी टाच गेले चौदा महिने दुखत होती, आणि या दुखण्याची कार्यालयात कुठेही नोंद नव्हती. म्हणजे कार्यालयाच्या दृष्टीने ती दुखत नव्हती. याबद्दल तक्रार करायला समक्षरावांना तोंड नव्हतं, कारण एकोणीस वर्षं ते स्वतः याच तत्त्वावर पगार घेत होते. हयातीच्या दाखल्याची खिडकी त्यांच्याकडे होती. आपण अजून जिवंत आहोत हे निवृत्त माणसांनी दरवर्षी दुसऱ्या मजल्यावर येऊन त्यांच्यापुढे सिद्ध करायचं. पत्र चालत नसे, फोन चालत नसे, मुलगा तर मुळीच चालत नसे. "समक्ष या," एवढंच ते म्हणत, आणि त्यावरूनच हे नाव पडलं होतं. एकदा एका आजींनी म्हटलं, "अरे, मागच्या वर्षी आले होते की मी!" तेव्हा समक्षराव अत्यंत नम्रपणे म्हणाले होते, "मागच्या वर्षी तुम्ही जिवंत होतात, याची नोंद आहे. यंदाचं काय?"

टाचदुखीचं मूळ साहेबांच्या वाचनात होतं. बसून राहणं प्रकृतीला घातक असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि पंधरा दिवसांत सगळ्या खिडक्यांमागच्या खुर्च्या उचलल्या गेल्या. योजनेचं नाव 'उभी सेवा'. साहेबांची खुर्ची तेवढी राहिली, कारण अंमलबजावणीवर देखरेख ठेवायला कुणीतरी स्थिर बसणं आवश्यक होतं. जो उभा राहू शकणार नाही तो सेवेस अपात्र. मात्र मंजूर उपचार चालू असतील त्याला स्टूल मिळेल, असं परिपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या समक्षरावांचा जीव त्या स्टुलात अडकला.

कार्यालयाच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी टाच दाबली तसे ते कळवळले.

"ड्राय नीडलिंग करू. सहा वेळा," बाई म्हणाल्या. "कोरडी सुई. तिच्यात औषध नसतं. आखडलेल्या स्नायूत नुसती सुई टोचली की स्नायू सैल पडतो. पण आधी मंजुरी आणा. त्याशिवाय मला सुईचं पाकीट फोडता येत नाही."

अर्ज प्रथम औषध विभागात गेला. 'औषधाचे नाव' या रकान्यात बाईंनी 'नाही' लिहिलं होतं. औषध नाही तर टोचणार काय, अशी विचारणा झाली. सुई, असं उत्तर गेलं. सात आठवडे विचार करून विभागाने शेरा मारला : 'रिकामी सुई टोचण्यास हरकत नाही. मात्र ती रिकामी असल्याची खात्री दोन साक्षीदारांसमोर करावी.'

मग राहिली वेदना पडताळणी समिती. ती दर गुरुवारी दुपारी तीन वाजता बसे. अध्यक्षबाईंनी समक्षरावांना खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. ते चालले. अध्यक्षबाईंनी लिहिलं, 'वेदना : निरंक.'

"मॅडम, ही सकाळी दुखते," समक्षराव काकुळतीला आले. "झोपेतून उठून पहिलं पाऊल टेकवलं की जीव जातो. मग दिवसभर चालून चालून बोथट होते."

"समिती तीनला बसते. तुमच्या पहिल्या पावलासाठी आम्ही तुमच्या पलंगापाशी येऊन बसायचं का?"

"तसं नाही, पण..."

"मग पाऊल समक्ष आणा."

पुढच्या गुरुवारी सकाळी समक्षराव पलंगावरून उतरलेच नाहीत. बायकोने चहा हातात दिला, तोंड धुवायला बादली आणली. बाकीच्या गोष्टींचीही तिने निमूटपणे सोय केली. अकरा वाजता मात्र तिचा धीर सुटला. "अहो, निदान आंघोळीला तरी उठा! लोक काय म्हणतील?"

"आज पाऊल टेकवलं तर वाया जाईल," समक्षराव म्हणाले.

शेवटी तिने आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. त्याने दाजींना पाठुंगळी घेतलं, टॅक्सीत घातलं, कार्यालयापाशी उतरवलं आणि पुन्हा पाठुंगळी घेऊन जिने चढायला लागला. "दाजी, एवढं उंच ऑफिस कशाला काढलंत हो?" तो धापा टाकत म्हणाला. मधल्या वळणावर तीन-चार म्हातारी माणसं कठड्याला धरून दम खात उभी होती. हयातीच्या खिडकीकडेच निघालेली. त्यांनी मेहुण्याच्या पाठीवरच्या समक्षरावांकडे पाहिलं. समक्षरावांनी भिंतीवरच्या सूचना वाचायला घेतल्या.

समितीपुढे पाऊल टेकलं आणि समक्षराव असे किंचाळले की एका सदस्याचा चहा सांडला. 'वेदना समाधानकारक,' अशी नोंद झाली. एक सुई मंजूर झाली, स्टूलही आलं. उरलेल्या पाच सुया एकेक करून, दरवेळी पडताळणीनंतर.

बाईंनी दोन साक्षीदारांना सुई रिकामी असल्याचं दाखवलं आणि ती पोटरीत टोचली. पोटरी आतल्या आत उडाली, समक्षरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगावरून उतरले आणि भिंत न धरता मोरीपर्यंत गेले. त्यांना इतका आनंद झाला की ते तसेच परत आले आणि पुन्हा एकदा मोरीपर्यंत जाऊन आले.

पुढच्या गुरुवारी ते समितीपुढे हजर झाले.

"आलात कसे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"चालत," समक्षराव कौतुकाने म्हणाले.

तिन्ही सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शिवाय हिशेब तपासणीची हरकत आलेली होतीच : मंजुरी टाचेची, सुई पोटरीत. टाचेचं दुखणं पोटरीतून येतं, असं बाईंनी लेखी कळवलं होतं.

"तुमच्या पोटरीची तक्रार होती का?"

"नाही."

"म्हणजे तक्रार नसलेल्या अवयवावर उपचार झाला आणि तक्रार असलेला अवयव उपचाराविना बरा झाला. फाईल बंद."

संध्याकाळी स्टूल गेलं. दहाव्या दिवशी दुखणं परत आलं, आणि चांगलं जोमाने आलं. समक्षराव लंगडत समितीकडे धावले.

"नवीन अर्ज करा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ही सुई फक्त जुनाट दुखण्याला मिळते. जुनाट म्हणजे सलग सहा महिने. तुमच्यात दहा दिवसांचा खंड आहे."

"अहो, टाच तीच आहे!"

"टाच तीच आहे. दुखणं नवीन आहे. मागच्या महिन्यात तुम्हाला दुखत होतं, याची नोंद आहे. या महिन्याचं काय?"

वाक्य ओळखीचं होतं, घरचंच होतं. समक्षरावांना स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि एकोणीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपवून ते खिडकीशी आले तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. पुढे एक पन्नाशीचा माणूस हात जोडून उभा होता. "साहेब, आई खाली टॅक्सीत आहे. दोन जिने तिला चढवत नाहीत. पाठीवर घेतली असती, पण माझीच कंबर गेलीय. मागच्या वर्षी तुम्ही तिला म्हणाला होतात, यंदाचं काय म्हणून. ती आहे हो यंदाही."

समक्षरावांनी नोंदवही काखेत घेतली, शाईचं पॅड खिशात टाकलं आणि खिडकीमागचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं. टाचेतून कळ थेट मस्तकात गेली. "चला," ते म्हणाले. "मी येतो खाली."

"ओ, कुठे निघालात?" रांगेतून आवाज आला.

"पाच मिनिटांत येतो. खाली एक आजी..."

"आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत का इथे?" "आम्ही चढलोच ना जिने?" "नियम सगळ्यांना सारखा पाहिजे!" "व्हिडिओ काढा रे याचा!" कुणीतरी 'साहेबांना बोलवा' म्हटलं आणि साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

समक्षराव उंबऱ्यातच थबकले. साहेब आता आपल्याला लंगडताना पाहणार; परिपत्रकातला 'अपात्र' हा शब्द त्यांना स्पष्ट दिसला. ते मागे फिरले, दार लावून घेतलं आणि नोंदवही खिडकीत ठेवली.

"समक्ष आणा," ते आजींच्या मुलाला म्हणाले. या वेळी नोंदवहीकडे बघत.

रांगेचं समाधान झालं. सगळ्यांत मोठ्याने ओरडलेला गृहस्थ पुढून चौथा होता. वेळ जावा म्हणून त्याने वाचायला काहीतरी आणलं होतं. कार्यालयातल्या माणुसकी नसलेल्या कारकुनाची गोष्ट होती आणि ती वाचत तो मघापासून हसत होता. त्याने बोट घालून ठेवलेलं पान पुन्हा उघडलं. शेवटच्या दोन ओळीच राहिल्या होत्या.