परवानगीवाले अण्णा

आमचे घरमालक अण्णा स्वतःच्या घरात शिरताना बेल वाजवतात. किल्ली खिशात असते, दार बहुतेक वेळा उघडंच असतं. तरीही बेल वाजवून ते पायरीवर उभे राहतात. आतून त्यांच्या पत्नीचा, अक्कांचा, "या हो या, तुमचंच घर आहे" असा वैतागलेला आवाज आला की मगच चपला काढतात.

मी शहराच्या एका टोकाला, येलहंक्यात, त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. माझं गाव खानापूरजवळ. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे शहरात अशीच रीत असेल असं मला सुरुवातीला खरंच वाटलं. महिनाभर मी रिकाम्या बाथरूमचं दारही ठोठावत होते.

अण्णा नोकरीला होते एका सरकारी कचेरीत, मोठ्या साहेबांच्या दाराबाहेरच्या टेबलावर. आत कोणी जायचं आणि कोणी बसून राहायचं, हे तेच ठरवत. निवृत्तीनंतर साहेब सुटले, टेबल सुटलं, पण ते दार अण्णा घरी घेऊन आले. रिक्षावाल्याला ते "बसू का?" असं विचारतात. एकदा एक जण इतका गोंधळला की त्यांना तसंच सोडून निघून गेला. खुर्चीवर मांजर झोपलेलं असेल तर अण्णा उभ्यानं पेपर वाचतात.

"विचारून घेतलेलं बरं," हे त्यांचं पालुपद.

"अण्णा, मांजर काय उत्तर देणार?" मी एकदा भीत भीत म्हटलं.

"ते त्यानं बघावं. आपण विचारायचं."

तर या अण्णांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. दुकानदारानं आतली हार्ड डिस्क काढली, एका डबीत घालून दिली आणि सांगितलं, केबल लावा, लॅपटॉपवर सगळं दिसेल. काहीच दिसेना. अण्णांचा जीव कासावीस झाला. त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो त्या डिस्कवर होता. मूळ फोटो वाळवीनं खाल्ला होता. मुलीनं, म्हणजे वसुधाताईंनी, तो आधी स्कॅन करून ठेवला म्हणून तेवढा उरला.

"इंजिनियर, स्वल्प खाली येतेस का? वेळ असेल तरच." अण्णांनी जिन्याखालून आपल्या कानडी वळणाच्या मराठीत हाक मारली.

मी सिव्हिलला आहे. मला थोडंफार सिमेंट कळतं. पण या घरात त्या फरकाला किंमत नाही. मी केबल काढून परत लावली. दुसऱ्या भोकात लावली. शेवटी मैत्रिणीची केबल मागून आणून लावली, तेव्हा डबीवरचा दिवा लागला आणि ड्राइव्ह दिसला.

"अय्यो, आला!" अण्णा उभेच राहिले.

आत एकच मोठं फोल्डर होतं, 'वसुधा' नावाचं. मी ते उघडायला गेले तर पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. मी वाचून सांगितलं, "या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही."

कुणीही चिडलं असतं. अण्णांनी मात्र पडद्याकडे आदरानं पाहिलं. "बघ, किती सभ्य यंत्र आहे. कुणाची परवानगी पाहिजे म्हणतंय?"

"ज्यांनी फोल्डर केलं त्यांची. वसुधाताईंची."

वसुधाताई व्हाइटफील्डला राहतात. आहे याच शहरात, पण इथल्या ट्रॅफिकमध्ये ते परगावच. त्यांनी ऑफिसातल्या मुलाशी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. अण्णांनी आरडाओरडा केला नाही. "मला विचारलं नाही," एवढंच म्हणाले आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलले नाहीत. हे मला अक्कांनी भाजी निवडताना सांगितलं होतं.

"पण अण्णा, खाली 'कंटिन्यू' असं बटण आहे," मी घाईनं म्हटलं. "ते दाबलं की उघडेल."

"तिला न विचारता?"

"कॉम्प्युटर तर तुमचाच होता."

"कॉम्प्युटर माझा. कप्पा तिचा."

"नुसतं बटण आहे, अण्णा."

"चोर पण म्हणतो, नुसती कडी होती."

"आई तुमची, फोटो आईचा," स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या, "आणि आता यंत्राच्या पाया पडा!"

अण्णांनी फोन हातात घेतला. मग उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि नंबर फिरवला. तो त्यांना पाठ होता.

"वसू... मी बोलतोय. आत्ता बोललं तर चालेल का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. अण्णा नुसते "हं" म्हणत होते. मग "गोळी? घेतो की." मग "नाही गं, तसं काही नाही." बोलत बोलत ते अंगणात गेले. मी माउस धरून बसून राहिले. कुकरची शिट्टी झाली, अक्कांनी गॅस बंद केला, तरी बाहेरचं बोलणं संपेना.

परत आले तेव्हा त्यांचा कान लाल झाला होता.

"मिळाली का परवानगी?" मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. "अय्यो. ते विचारायचंच राहिलं."

"मग परत लावा ना."

"आत्ता नको. फोटो कुठं पळून जातोय?" त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. "उद्या करतो. पण ही मंडळी सकाळी किती वाजता उठत असतील?"

"साडेआठनंतर करा," आतून अक्का म्हणाल्या. "त्याआधी डब्यांची गडबड असते तिची."

अण्णांनी "सरी", म्हणजे बरं, म्हणून मान डोलावली. हे तुला कसं ठाऊक, असं त्यांनी अक्कांना विचारलं नाही.