लाखणगढ चॅनेलची अंगाईवार्ता

ज्या गावाला आपल्या बातम्या आधीच ठाऊक असतात, त्यालाच वृत्तवाहिनीची नितांत गरज असते. सौराष्ट्रातल्या लाखणगढची ही गरज वजुभाई ठकरारांच्या फरसाणाच्या दुकानामागच्या खोलीत भागली. वाहिनीचे विभाग तीन : वृत्त, तंत्र आणि गाठिया. (तिसरा नफ्यात.)

वृत्तविभाग म्हणजे भार्गवीबेन. टेबलाच्या वर त्या निवेदिका. टेबलाखाली पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून लेकीची झोळी हलवणाऱ्या आई. त्यामुळे नगरपालिकेचा अर्थसंकल्पही त्यांच्या तोंडून हिंदोळत येई. लोकांना वाटे, अमदावादकडची नवी पद्धत असेल.

दुपारी एक ते चार लाखणगढ झोपतं. त्या वेळात दुकान उघडत नाही, भांडण होत नाही, आणि मरणाऱ्यानंही थोडं समजून घ्यावं अशी अपेक्षा असते. वाहिनीही एकला बंद. एकदा मात्र यंत्र बंद करण्याआधीच वजुभाईंचा डोळा लागला. प्रक्षेपण संपलं असं समजून भार्गवीबेन लेकीसाठी हळूच गाऊ लागल्या, ते घरोघर पोचलं. चारनंतर फोन सुरू झाले : "बेन, काय झोप लागली हो. उद्याही द्या."

प्रेक्षकांनी काही मागण्याची वाहिनीच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. बातम्या बेमुदत तहकूब झाल्या. एक ते चार अंगाई, प्रायोजक गादीवाले जेठालाल.

भार्गवीबेनना बातमीच द्यायची होती. त्यातच त्यांना पक्की खबर लागली : गावच्या टाकीत गटार झिरपतंय.

"वजुभाई, आजच सांगायला हवं. पोरंबाळं पितात ते पाणी."

"सांगू की, बेन. पण गाव जागं झालं तर जेठाभाई जाहिरात कशाला देतील?"

"मग गाऊन सांगते."

"चालीत बसत असेल तर माझं काही म्हणणं नाही."

बसवलं त्यांनी :

नीज गं चिमणे, नीज गं राणी,
पिऊ नको बाई टाकीचं पाणी,
भिंतीला भेग नि गटार आत,
उकळून घे गं, ऐक ही बात.

गावानं पहिल्याच ओळीला डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी पोटं बिघडली आणि लाखणगढ भर दुपारी जागं राहिलं, तेही रांगेत. मग जेठालालांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ आलं.

"आम्हाला सांगितलं का नाही?"

वजुभाईंनी शांतपणे ध्वनिफीत लावली. जेठालाल दुसऱ्या ओळीला घोरू लागले; उरलेल्यांनी निकाल दिला, "सांगितलंत खरं, पण फार गोड सांगितलंत."

"कडू सांगितलं असतं तर?" भार्गवीबेननी विचारलं.

"मग चॅनेल बदललं असतं ना, बेन."

ती बातमी शेवटपर्यंत टक्क जागेपणी ऐकणारा प्रेक्षक गावात एकच निघाला. झोळीतला. भार्गवीबेननी लेकीची पापी घेतली. निवेदिकेला याहून मोठा पुरस्कार लाखणगढात नाही. पण तीही मोठी होईल, चार बुकं शिकेल आणि अशी बातमी कानावर पडली की मान डोलावून म्हणेल, "चाल छान बांधलीय." त्या चार ओळी वाचताना आत्ता आपण म्हणालात, अगदी तसंच.