मोरानं खाल्लेली बातमी

वृत्तपत्र हा समाजाचा आरसा आहे, असं मोठी माणसं सांगत आली आहेत. आमच्या शेजारच्या बापू खोतांच्या घरी हा आरसा स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळीच्या डब्यांखाली अंथरलेला होता. बापू रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथं उभे राहायचे आणि तो वाचायचे.

रोज तोच अंक. काही वर्षांपूर्वीचा. त्यातल्या ठळक बातमीतला मंत्री मधल्या काळात दोनदा पक्ष बदलून पुन्हा मंत्री झाला आहे, त्यामुळं बातमी तशी शिळी म्हणता येत नाही.

कागद फळीच्या लांबीनं आडवा घातलेला, म्हणून छापलेल्या ओळी उभ्या. वाचायची तर मान डावीकडे कलती करावी लागे. या रोजच्या सरावानं बापूंची मान तशीच राहिली. लाइटचं बिल, लग्नपत्रिका, एसटीची पाटी, सगळं ते मान कलती करून वाचतात. समोरचा बोलत असला तरी तशीच ऐकतात. नव्या माणसाला वाटतं, काय हा सहृदय गृहस्थ. मग बापू तोंड उघडतात.

बापूंचं एकच वाक्य आहे: "त्यात काय हाय?" कॉलनीत कुणी नवी गाडी घेतली, बापूंना दाखवायला नेलं. "चार चाकं. त्यात काय हाय?" पुतण्या डॉक्टरेट मिळवून पाया पडायला आला. "पुस्तकं वाचून पुस्तक लिवलंस. त्यात काय हाय?" पन्हाळ्यावर नेलं तर म्हणाले, दगडावर दगड. त्यांचा सगळा जन्म साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर गेला. समोर भरलेली गाडी आली की आधी रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, ही तिथली रीत. ती सवय नोकरीबरोबर सुटली नाही. कुठल्याही मोठेपणातून ते आधी गाडीचं वजन वजा करतात. पुष्कळदा मागं काही उरत नाही, हा त्यांचा दोष नव्हे.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर ते बातम्या सांगायचे.

"आज काय विशेष, बापू?"

"ऊसदराची बैठक फिसकटली."

सगळे माना हलवायचे. ती बैठक दर वर्षी फिसकटते, त्यामुळं बापूंना कुणी कधी पकडू शकलं नाही.

"मग पुढं काय ठरलं?"

"म्होरलं मोरानं खाल्लं."

हे मात्र समजावून सांगायला हवं. फळीवर कागद घालताना त्याची कड वीतभर खाली सोडून ती कात्रीनं कातरायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. बहुतेक घरांत करवतीसारखे त्रिकोण कातरून भागवतात. खोतांच्या घरी मोर होते. बापूंच्या पत्नी, ज्यांना सगळी कॉलनी आक्का म्हणायची, दर दसऱ्याला घर सारवल्यासारखं स्वच्छ करून झाल्यावर मांडी घालून बसायच्या, पेपरची घडीवर घडी घालायच्या आणि शिवणाची मोठी कात्री चालवायच्या. घडी उलगडली की एकामागं एक मोर निघायचे. मोराभोवतीची बातमी अर्थातच कातरली जायची. 'याप्रकरणी कठोर कारवाई करण्यात येईल, असे' इथं चोच. नंतर काही नाही. एरवीही काही नसतं, पण इथं निदान मोर होता.

एका दसऱ्याला आक्कांनी असाच कागद घातला. दिवाळीनंतर त्या आजारी पडल्या आणि थंडी सरायच्या आत गेल्या. पुढच्या दसऱ्याला सून शुभांगी कागद बदलायला गेली तर बापू आडवे आले.

"ऱ्हाऊ दे. वाचून व्हायचाय."

तो काही वर्षं वाचून झाला नाही.

यंदा खोतांच्या घरी स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवायचं ठरलं. फळ्या निघणार. बापूंना कुणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ट्रॉल्या बसल्या नसत्या. सुतार यायच्या दिवशी शुभांगी सकाळीच कुंपणापाशी आली.

"काका, तुमचं एक काम होतं. मामांना दोन-तीन तास कुठंतरी घेऊन जावा की."

"कुठं नेऊ? त्यांना कशात काही वाटत नाही."

"न्हाय वाटलं तर न्हाय वाटू दे. घरात नकोत एवढंच."

त्याच दिवशी शहरातल्या एका म्युझियममध्ये कागदकलेच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. मला निमंत्रण होतं. म्हटलं चला. बापू एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. टोपी घातली आणि रिक्षात बसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

उद्घाटन उद्घाटनासारखं झालं. प्रमुख पाहुणे उशिरा आले. कागदाच्या प्रदर्शनात त्यांना शाल दिली. कागद हा मानवी संस्कृतीचा श्वास आहे, असं त्यांनी कागदावर बघून सांगितलं. मग फीत कापायला गेले तर कात्री चालेना. दुसरी कात्री येईपर्यंत सगळे फितीकडे गंभीरपणे बघत उभे राहिले.

"कातरकामाचं परदर्शन," बापू मला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आन् कात्री बोथट."

शेवटी आत गेलो.

मी प्रदर्शनं पुष्कळ पाहिली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी चहा कुठं ठेवलाय हे मी आधी बघून घेतो. इथं ते राहून गेलं. दालनात अंधार होता आणि मधोमध छतापासून जमिनीपर्यंत एकच पांढरा कागद सोडलेला होता. त्या कागदात वडाचं झाड होतं. पानन्‌पान, पारंबीन्‌पारंबी, पारंब्यांत अडकलेला पतंग, पतंगाची शेपटी, आणि सगळं एकाच कागदात, कुठं जोड नाही. मागं एक दिवा. झाडाची सावली भिंतीवर पडली होती. आम्ही चाललो तेवढ्या वाऱ्यानं कागद हलला आणि भिंतीवरचा वड सळसळला. आवाज मात्र नाही. एवढं मोठं झाड हलतंय आणि आवाज नाही, हे बघताना माझा श्वास आपोआप हळू झाला. पलीकडं एका बाईंनी कडेवरच्या मुलाला "हात लावू नको" म्हटलं, तेही कुजबुजून.

मी जवळ जाऊन बघितलं. कागदावर रंग नव्हता, रेघ नव्हती. कुणी काही घातलेलंच नव्हतं. जे दिसत होतं ते सगळं काढून टाकल्यामुळं दिसत होतं.

मी बापूंकडे बघितलं. जन्मभर वजाबाकी केलेला माणूस त्या वजाबाकीपुढं उभा होता. टोपी हातात घेतली होती. मान, कधी नव्हे ती, सरळ.

"त्यात..." ते म्हणाले आणि थांबले. पुढचं आलं नाही.

पुढच्या दालनांत कागदाची कमळं होती, घडी घालून केलेले बगळे होते, सुईच्या टोकानं टोचून काढलेली चांदण्यांची रात्र होती. प्रत्येक ठिकाणी बापू थांबत होते. शेवटच्या खोलीत काचेच्या पेटीत एक लहान वस्तू होती. पिवळा पडलेला पेपर, एका कडेला कातरलेले मोर. खाली चिठ्ठी: 'कागद, कात्री. कलाकार: अज्ञात.'

बापूंची मान डावीकडे गेली. बराच वेळ वाचत राहिले. मग तिथं माहिती सांगायला उभ्या असलेल्या मुलीला म्हणाले, "पोरी, अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे कुणी केलंय ते माहीत नाही, आजोबा."

"विचारलं न्हाय व्हय कुणी?"

"जुन्या घरातून मिळालंय. घरातल्या बायका करायच्या हे. नावं कोण लिहून ठेवणार?"

"ह्यो मोर सरळ बघतोय," बापू काचेकडे बोट करून म्हणाले. "आमच्या घरातला माघारी वळून बघतोय. माघारी बघणारा अवघड."

मुलगी एकदम पुढं आली. "तुमच्याकडे आहे असं? आम्हाला बघायला मिळेल?"

बापूंनी माझ्याकडे बघितलं.

"हाय का अजून, सर? का सुतारानं काढलं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"घर माझंच हाय की. सुतार चार दिसामागं माप घिऊन गेला, तवा मी काय झोपलोतो?"

"मग आलात कशाला?"

"मला बघवलं नसतं," बापू म्हणाले. "म्हणून आलो."

मी शुभांगीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. घरात हातोडा चालू असेल तर फोन कोण ऐकणार? आम्ही रिक्षा केली. बापू टोपी मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते. दसरा चौकात गर्दीत अडकलो तेव्हा, मी काही विचारलं नसताना, बोलायला लागले.

"तिला मी म्हणायचो, डाळीच्या डब्याला झालर कशाला? त्यात काय हाय? तर म्हणायची, तुमी सकाळी चहा घिऊन हितं उभं ऱ्हाता न्हवं, तवा बघायला."

"बघायचात?"

"कुठलं. ती हुती तवर चहाच पीत हुतो." रिक्षा हलली. "ती गेली, मग बघाया लागलो. पर जाणता माणूस नुसता मोर बघत उभा ऱ्हायला तर घरातली काय म्हणतील? म्हणून बातम्या वाचायचो."

मला इतकी वर्षं वाटत होतं, बापूंना बातम्यांचा नाद आहे.

घरी पोचलो तर फळ्या अंगणात एकावर एक पडलेल्या होत्या. उघड्या. बापू रिक्षातून उतरले, फळ्यांपाशी गेले, वरची फळी हातानं चाचपली. मग खालची. एवढ्यात पदराला हात पुसत शुभांगी बाहेर आली.

"मामा, कागद आत हाय. गादीखाली सपाट घालून ठेवलाय. डबं उतरल्याबरोबर पयला त्योच काढला."

बापू तिच्याकडे बघत राहिले.

"आत्तींच्या हातचा हाय त्यो, टाकतीय व्हय मी?" ती म्हणाली. आणि मग, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, "शिवाय तुमचा वाचून व्हायचाय की अजून."

तेव्हा मला समजलं की बातम्यांच्या नादावर विश्वास ठेवणारा कॉलनीत मी एकटाच होतो.

बापूंनी त्या कागदाला काचेची चौकट करून घेतली. फळीवर दिसायचे तसे मोर उभे राहतील अशीच ती लावायची होती; मग छापलेल्या ओळी उभ्या राहिल्या तरी चालतील. मग माझ्याकडे एक कार्ड घेऊन आले. म्युझियममध्ये होतं तसं लिहून द्या म्हणाले, अक्षर चांगलं पाहिजे. मी लिहिलं: 'कागद, कात्री. कलाकार:' आणि पेन थांबवलं. इतक्या वर्षांच्या शेजारात मला आक्कांचं खरं नाव माहीत नव्हतं. बापूंच्या पिढीतली माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. तेही तिला 'अगं' म्हणूनच हाक मारायचे.

बापू खिडकीबाहेर बघत होते.

"लिवा," ते म्हणाले. "हिराबाई."

मी लिहिलं. त्यांनी ते मान कलती करून वाचलं, मग सरळ करून वाचलं, आणि घेऊन गेले.

चौकट आता खोतांच्या बाहेरच्या खोलीत, ट्रॉल्यांपासून लांब टांगलेली आहे. म्युझियमची ती मुलगी येऊन फोटो काढून गेली. येणारी माणसं पुढं उभी राहतात आणि थोड्या वेळानं प्रत्येकाची मान डावीकडे कलते. माघारी वळून बघणाऱ्या मोराच्या पिसाऱ्यात मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज करणाऱ्या एका दवाखान्याची जाहिरात आहे. पत्ता मोरानं खाल्ला आहे.