वट्टमवार सरांचा काळा चहा

वट्टमवार सर कुणाच्याही घरी गेले की बिनदुधाचा चहा मागतात आणि पीत नाहीत. कप खिडकीशी नेऊन उजेडात धरतात आणि घरमालकाला सांगतात, "बोरच्या पाण्यात लोखंड हाय तुमच्या."

सर नांदेडचे आमचे शेजारी, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. विष्णुपुरी धरणाचा गाळ बरण्यांत भरून तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कुजलेला पाला पाण्यातल्या, गाळातल्या धातूंना कसा धरून ठेवतो, हा त्यांचा विषय. चहासुद्धा पालाच, लोखंड भेटलं की काळा पडतो. "पाल्यानं धरलं की सोडत न्हाई!" हे ते रिक्षावाल्यालाही ऐकवतात. मला रोज ऐकवतात, कारण पळून जाण्यासारखं माझं शरीर राहिलेलं नाही.

अशा माणसाला मी मुलगी पाहायला लातूरला नेलं. वडील नाहीत, आईबरोबर कुणीतरी वडीलधारं हवं. शिवाय सरांशेजारी मी जरा शहाणा दिसतो. तोवर इतके नकार पचवले होते की पोहे बघूनच धडधडायचं.

मुलीनं चहा आणला. दूध घालूनही राखेच्या रंगाचा! माझ्या आईनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला. स्थळ गेलंच. मुलगी मला मनापासून आवडली होती, पण आईपुढे बोलायची हिंमत कुठली? मी पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसलो. मुलीची मान खाली गेली.

सर ताडकन उठले. "वैनी, पोरीच्या हाताला दोष देऊ नका. दोष पाण्याचा हाय!" त्यांनी तिला त्याच पत्तीचा, पण विकतच्या जारच्या पाण्याचा चहा करायला लावला. लालसर, झकास झाला. आईनं आणखी अर्धा कप मागितला आणि लग्न ठरलं. त्यात माझा वाटा शेंगदाण्यांपुरता.

परतताना एसटीत मी म्हणालो, "सर, तुमच्या गाळानं माझं लग्न जमवलं."

ते हसले नाहीत. "नायगावला आमच्या घरी बोरचंच पाणी होतं. कॉलेजात मी हेच शिकवायचो, अन् घरी बायकोला म्हणायचो, तुला साधा चहा जमत न्हाई. ती बिचारी पत्ती बदलायची, भांडं बदलायची. पाण्याचं माझ्या ध्यानात आलं, तवर ती गेली होती."

मला फार वाईट वाटलं.

परवा सर आले तेव्हा जार संपला होता. बायकोनं बोरच्याच पाण्याचा चहा केला. काळाकुट्ट. सरांनी कप खिडकीशी नेला नाही.

"लई चांगला झालाय, पोरी," म्हणाले आणि तळापर्यंत प्यायले.