पहिले तोंड गोड, मग इतिहास

आमचे शेजारी कांतीआबा पेढे घेऊन संग्रहालयात जातात. देवळात नाही, संग्रहालयात! जळगावातला तो जुना सरकारी राजवाडा. उंच छत, सागवानी जिना, अंबारीसकट हत्ती जाईल अशी दारं. एके काळी तिथे साहेबांची कचेरी होती. आता तलवारी, ताम्रपट आणि नाक फुटलेले देव आहेत. आबांना त्यातल्या कशातच रस नाही.

गल्लीत पाहुणा आला की आबा टोपी चढवतात. पाहुणा त्यांचाच हवा असं काही नाही. धुळ्याहून आमचे जावई आले, तर चहा उकळायच्या आत आबांनी त्यांना रिक्षात घातलं. नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही हातातल्या पकडीसकट राजवाडा बघून आला.

आत शिरलं की आबांची चाल बदलते, जणू इथले कलेक्टर तेच. तलवारींच्या दालनातून ते सुसाट निघतात. "तलवारी काय, सगळीकडे सारख्याच!" मागच्या दालनातली उंच खिडकी गाठायची, पाहुण्याला तिथे उभं करायचं आणि खिशातून पुडा काढायचा. "पहिले तोंड गोड करा, मग इतिहास." इतिहास मात्र कधीच सांगत नाहीत. शेवटी एक पेढा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि निघायचं. मला वाटायचं, डॉक्टरांनी गोड बंद केलंय, म्हणून हा आडमार्ग.

परवा माझी बहीण आली, तेव्हा मीही बरोबर गेलो. खिडकीपाशी पहाऱ्यावर शिरपूरकडच्या एक नव्या बाई होत्या. त्यांनी पुडाच धरला.

"आठे काही खावानं नही, आबा. सगळीकडे मुंग्या लागतस."

आता जुंपणार, असं मला वाटलं. या माणसाने रिक्षावाल्यापुढेही कधी पडतं घेतलेलं नाही. पण आबांचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, दुसरं काहीही बंद करा. एवढं नका करू."

"का बरं?"

"माझं लग्न इथे लागलं." आबांनी खिडकीकडे बोट केलं. "तेव्हा इथे नोंदणीचं टेबल होतं. मी पाचोऱ्याच्या मारवाडी दुकानदाराचा, अक्का एरंडोलच्या पाटलांची. दोन्ही घरचं एक माणूस आलं नाही. बाहेर खटल्याच्या तारखेला आलेली माणसं साक्षीला धरून आणली, तीही सह्या करून पळाली. पेढे मी हौसेने आणले होते. ती या खिडकीत पुडा धरून उभी राहिली. म्हणाली, 'आता हे वाटू कोणाला?' तिचा एक पेढा अजून इथे कट्ट्यावर ठेवतो."

आम्ही या गल्लीत येण्याआधीच अक्का गेल्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. म्हणजे आमचे जावई, तो नळवाला, ही माझी बहीण, सगळे त्याच लग्नाचे वऱ्हाडी होते.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुड्यातला एक पेढा तोंडात टाकला. मग स्वतःच्या पिशवीतून एक कागद काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नीट पसरला.

"अक्काना पेढा यानावर ठेवा, आबा. मुंग्या लागतस."