मी फोटो बघत नाही

फोन माझ्या नाकासमोर धरलेला होता. नुसती नजर खाली करायची होती, आणि मी ती केली नाही. माझी चूक एवढीच. पुढचं सगळं दोनशे माणसांनी मिळून केलं.

झालं असं की माझी भावजय नामुली दोन दिवस रडत होती. तिच्या मुलीने, नांतेझाने, आपला नवरा आपणच शोधला आणि त्याचा फोटो आईला दाखवला. नामुलीने फोटो बघितला, फोन पालथा ठेवला, वर उशी ठेवली आणि रडायला बसली. रडून झाल्यावर माझ्याकडे आली, कारण आमच्याकडे मुलीच्या लग्नात आत्याचा शब्द शेवटचा. आईने रडायचं, बापाने खोकायचं आणि आत्याने हो की नाही ते सांगायचं. मुलाची पहिली चिठ्ठीसुद्धा आत्याच्या हातात येते. ती आली होती. मुलाची बहीण देऊन गेली होती, आणि मी हो म्हणून मोकळी झाले होते.

"वन्सं, तुम्ही एकदा बघा तर," नामुली म्हणाली आणि फोन पुढे केला. "असली नातवंडं मांडीवर घेऊ का मी?"

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "मी फोटो बघत नाही."

आता हे मी का म्हटलं ते ऐका. मी आणि माझा भाऊ वास्वा जुळे. तो आधी बाहेर आला आणि देवाच्या टोपलीत होतं नव्हतं तेवढं रूप उचलून घेऊन गेला. मागून मी आले, मला टोपली मिळाली. (ती मी अजून तोंडावर घालून फिरते, असं माझी आई म्हणायची. आई होती म्हणून काही बोलले नाही.) अठरा वर्षांची होते तेव्हा एक मुलगा मला बघायला माणसं घेऊन आला. माणसं जेवली, दोनदा वाढून घेतलं, मला बघितलं आणि घरी आजारी माणूस असल्याचं त्यांना एकदम आठवलं. नंतर ज्याने माझ्याशी लग्न केलं, तो देवाघरी गेलेला माझा नवरा, त्याने मला आधी बघितलंच नव्हतं. कुंपणापलीकडून मला एका बकरीवाल्याशी भांडताना ऐकलं होतं. पुढची एकवीस वर्षं तो मला मुद्दाम चिडवून हसत बसायचा. तेव्हा चेहऱ्याबद्दल मला कोणी शिकवायचं नाही.

शिवाय मुलगा मला माहीत होता. किवुम्बी त्याचं नाव. आमच्या बाजारात पत्र्याचं सिनेमागृह आहे, आणि त्याच्या मागच्या पत्र्याला टेकून माझी शेगडी आहे. मी केळी भाजते. आत चिनी, अमेरिकन, कुठले कुठले सिनेमे लागतात, ते कोणाला कळत नाहीत, म्हणून एक माणूस अंधारात माईक घेऊन बसतो आणि चालू सिनेमात आमच्या भाषेत सगळं बोलतो. हिरो तोच, खलनायक तोच, हिरोची म्हातारी आई तोच. तो माणूस म्हणजे किवुम्बी. सिनेमात नसलेल्या गोष्टीही तो बोलतो. एकदा दोन चिनी वीर तलवारी उपसून उभे होते, आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, थांब रे, आधी नाकातोची केळी करपताहेत ती बघ. आणि खरंच करपत होती. नाकातो म्हणजे मी.

तीन वर्षं पत्र्यातून मी त्याला ऐकलं. आत कधी गेले नाही. (माझ्या वयाची बाई तिथे बसली की पोरं सरळ बसतात, मग सिनेमा बिघडतो.) तो पुढच्या दाराने ये-जा करायचा, म्हणून त्याला कधी बघितलंही नाही, पण कोण कसा मरतो ते मी त्याच्या आवाजावर सांगत असे. खलनायकाच्या मरणातही तो त्याला एक वाक्य चांगलं द्यायचा. असा माणूस घरात येतोय आणि ही बाई उशीखाली फोन ठेवून रडतेय. मी घरात सगळ्यांना ताकीद दिली की त्याचं नाक, कान, उंची, रंग, काहीही माझ्या कानावर घालायचं नाही. मी त्याला गुणांवरून ओळखीन. नांतेझाने दोनदा सुचवलं की आत्या, एकदा नुसती भेट तर, पण मला तर आता फुशारकीची चटक लागली होती. बाजारात दहा जणींना मी हे सांगितलं होतं.

मग दोन्ही घरांच्या ओळखीचा दिवस आला. मुलाकडची मंडळी आमच्या अंगणात आली, भेटींच्या टोपल्या घेऊन आली, आमच्या मंडपासमोर त्यांचा मंडप. आमची रीत अशी की नवरदेव आपल्या माणसांत मिसळून गुपचूप बसतो. सगळ्यांचा पोशाख एकच, घोट्यापर्यंत पांढरा झगा, वर काळा कोट. आणि आत्याने पुढे जाऊन, सगळ्या कुळासमोर, आपला जावई त्यातून शोधायचा आणि त्याच्या छातीवर फूल लावायचं. आत्याने त्याला आधीपासून ओळखलेलंच असतं, म्हणून ही नुसती गंमत असते. चुकलेली आत्या अजून कोणी बघितली नव्हती.

फूल घेऊन अंगणाच्या मध्यावर पोचले तेव्हा मला एक गोष्ट आठवली. त्या दिवशी नवरदेवाने तोंड उघडायचं नसतं. सगळं बोलणं त्यांचा ठरवलेला वक्ता करतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चार भाच्यांची लग्नं मी लावली आहेत. पण त्या चौघा जावयांचे चेहरे मी आधी बघितले होते.

समोर तीस-एक पुरुष, दलदलीत बगळे बसावेत तसे, पांढरे आणि गप्प.

मी त्यांना बोलतं करायला बघितलं. प्रवास कसा झाला, असं रांगेला विचारलं. सगळ्यांच्या वतीने वक्त्याने उत्तर दिलं. घरी सगळे बरे का, विचारलं. वक्त्याने गाईंपर्यंत सगळ्यांची खुशाली सांगितली. मग मी रांगेतून चालायला लागले आणि एका बुटक्याच्या पायावर मुद्दाम पाय दिला. (मी हलकी नाही.) त्याने डोळे मिटले, ओठ दाताखाली धरला, पण हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, बिचारा मुका दिसतोय. मी पुढे गेले.

आणि तिथे तो बसला होता. काय सांगू तुम्हाला. खांदे दाराएवढे, दात मक्याच्या कणसासारखे ओळीत, कातडीवर ऊन घसरत होतं. मी बघितलं तसा तो हसला. मी मनात म्हटलं, आवाज येतो तो अशाच छातीतून येणार. ज्या बाईने गावभर सांगितलं होतं की मी चेहरा बघत नाही, तिच्या हाताने सरळ जाऊन त्या छातीवर फूल लावलं.

स्वयंपाकिणी उकळतं भांडं ढवळायचं सोडून उठून बघायला लागल्या.

तो त्यांचा ड्रायव्हर होता, रांग भरायला तसाच झगा घालून बसवलेला. ओगवाल नाव, उत्तरेकडचा, आमची भाषा त्याला येत नव्हती. त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की मुलीकडची मंडळी मोठ्या मानाची आहेत, काही दिलं तर दोन्ही हातांनी घे आणि हस. त्याने फूल दोन्ही हातांनी धरलं आणि हसत राहिला.

मग सगळं एकदम झालं. नामुली उठली आणि तिने आनंदाचा गजर केला. म्हणाली, देवाने वन्संचा हात धरला, आत्याचा शब्द शेवटचा, आता हाच. वास्वा खोकला. पलीकडे त्यांच्या वक्त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो शांतपणे म्हणाला की आमच्या मुलाला त्याच्या कुळासमोर आत्याने नाकारलं आहे, टोपल्या उचला. आणि त्यांच्या बायका खरंच टोपल्या उचलायला लागल्या. एकदा टोपली गाडीत परत गेली की दोन घरांनी पुन्हा एकमेकांचं पाणी प्यायचं नसतं. तो बुटका आपल्या जागी बसून होता. खाली बघत होता. तेव्हा मला कळलं मी कोणाच्या पायावर पाय दिला होता.

नांतेझाला बाहेर यायला बंदी. ती खिडकीत उभी होती. तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "आत्या, तू पण?"

मला आयुष्यात खूप जणांनी खूप काही म्हटलंय. हे तीन शब्द सगळ्यांत जड होते. ती जेवून परत गेलेली माणसं माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यांच्या पंगतीत आता मीच बसले होते, वाढून घेत.

मी वक्त्याच्या हातातला माईक काढून घेतला. (त्याने दिला नाही, मी काढला.)

"टोपल्या खाली," मी म्हटलं. "मी चुकले. मी गाढव आहे, पुढे बोला. पण इथे कोण नाही? सगळ्यांनी डोळे मिटा. मुलाने बोलायचं आहे."

त्यांच्याकडचा एक म्हातारा काठी आपटत उठला. म्हणाला, नवरदेवाने बोलू नये ही रीत आहे.

"आजोबा, रीत कबूल. पण सगळ्यांचे डोळे मिटलेले असले, तर बोललं कोण हे बघितलं कुणी?"

म्हाताऱ्याने विचार केला. मग डोळे मिटून खाली बसला. म्हाताऱ्याने मिटले म्हणून बाकीच्यांनी मिटले. नामुलीने मिटले नाहीत, मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा मिटले. मी माईक त्या बुटक्याच्या हातात दिला. त्याचे कान पातेल्याच्या कडीसारखे, एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा फाटकाकडे. तो कुजबुजला, काय बोलू? मी म्हटलं, सिनेमा चालू आहे, तू बोल.

आणि त्या एवढ्याशा माणसातून तो आवाज आला.

"मंडळी, रणांगणावर आत्या उतरली आहे. हातात एकच फूल, म्हणजे एकच गोळी. समोर तीस शत्रू, सगळे पांढऱ्या वेषात. ती एका शिपायाच्या पायावर रणगाडा घालते. शिपाई मरतो, पण देशाचं गुपित सांगत नाही. गोळी सुटते. आणि लागते उत्तरेच्या राजपुत्राला, ज्याला अजून कोणी सांगितलेलं नाही की त्याचं लग्न झालंय."

आधी म्हातारा हसला. मग त्यांचा मंडप, मग आमचा. वास्वाचा खोकला हसण्यात बदलला, मग हसणं परत खोकल्यात. मग आवाज खाली आला.

"खिडकीत एक मुलगी आहे. तीन वर्षांपूर्वी ती शेवटच्या बाकावर बसली होती. सिनेमात सगळे मेले, सगळं सिनेमागृह रडत होतं. मी दमलो होतो, राजाचं शेवटचं वाक्य चुकून घोड्याला दिलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. अंधारात एकटीच हसली. मी तिला बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सगळे सिनेमे त्या बाकासाठी बोलतो."

कोणीतरी नाक ओढलं. ती नामुली होती. डोळे घट्ट मिटलेले, मगाच्या हसण्याचं पाणी गालावर होतं आणि त्यात आता दुसरं मिसळत होतं. मी सगळ्यांना डोळे उघडायला सांगितलं. नामुलीने उघडले, त्याच्याकडे बघितलं, कानांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग आपल्या पदराने गाल पुसत म्हणाली, "अरे, तो घोडा मग काय बोलला, ते तर सांग."

टोपल्या खाली आल्या. ओगवाल फूल परत देईना, त्याला ते मानाचं वाटत होतं. मग मी कुंपणावरची जास्वंद तोडली आणि बुटक्याच्या छातीवर लावली, आणि या खेपेला त्याच्या पायांपासून लांब उभी राहिले.

लोक अजून हसतात. हसू देत. मी आजही बाजारात उभी राहून सांगते की चेहरा बघून माणूस निवडणाऱ्याने माठ घ्यावा, लग्न करू नये. मी चुकले म्हणून गोष्ट खोटी होत नाही. उलट माझ्यासारखी चुकते, तर तुमची काय कथा. त्या दिवशी दोनशे माणसांचे डोळे मी मिटायला लावले, तेव्हा कुठे त्यांना एक माणूस दिसला. हे मी पंधरा दिवस सगळ्यांना सांगत फिरले.

सोळाव्या दिवशी सोहळ्याचा व्हिडिओ आला.

वास्वाच्या घरी सगळे जमलो. नवीन जावई मध्ये, नामुली त्याला स्वतःच्या हाताने वाढत होती. व्हिडिओत तो प्रसंग आला. दोन मंडप, दोनशे माणसं, सगळ्यांचे डोळे मिटलेले. म्हाताऱ्याचे मिटलेले, वास्वाचे मिटलेले, स्वयंपाकिणींचे हातात पळी धरून मिटलेले. मध्ये उभी एकच बाई, डोळे टक्क उघडे. मी लगेच खुलासा केला की कोणीतरी पहारा द्यायला हवा होता, लोक लबाड असतात.

नामुलीने हातातली पळी खाली ठेवली. तिने व्हिडिओ थांबवला, उठून पडद्याजवळ गेली आणि माझ्या डोळ्यांवर बोट ठेवून ते बोट सावकाश माझ्या नजरेच्या रेषेत सरकवत नेलं. म्हाताऱ्यावरून, वक्त्यावरून, बोलणाऱ्या किवुम्बीवरून, थेट ओगवालपर्यंत. त्याला भाषा कळत नसल्यामुळे त्याचेही डोळे उघडेच होते. तो माझ्याकडे बघून हसत होता, आणि मी त्याच्याकडे.

"वन्सं," नामुली म्हणाली, "पहारा कडक होता."