सफाई माशांचा संप

"हे किडे आहेत," माशांचे डॉक्टर काचेला नाक लावून म्हणाले, आणि काचवाले काका ओल्या अंगानेच दचकले.

मत्स्यालयातली सगळ्यात मोठी टाकी आतून घासायचं काम काकांकडे होतं. अकरा वर्षं ते रोज सकाळी पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून आत उतरत आणि ब्रशने काच लख्ख करत. या टाकीतला सर्वांत थोरला मासा म्हणजे आजोबा. हेकरू जातीचा, वजनाला काकांहून भारी आणि स्वभावाने गरीब. काकांचा त्याच्यावर भारी जीव. त्याच आजोबांच्या ओठांवर आणि कल्ल्यांवर आता पांढरे ठिपके उठले होते.

"पण किडे काढायला तुमच्याकडे जोडी आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

जोडी होती. बोटाएवढे, निळ्या पट्ट्याचे दोन सफाई मासे. एका खडकाशी त्यांचं दुकान. थोराड मासे तिथे रांगेने येत आणि तोंड वासून उभे राहत. जोडी बेधडक त्या जबड्यात शिरून किडे टिपून खाई आणि सुखरूप बाहेर येई. मोठ्यांचं अंग साफ, छोट्यांचं पोट भरलेलं. आपल्याच न्हाव्याला गिळायचा मूर्खपणा कुठला मासा करेल? आत्ताही आजोबा खडकाशी 'आ' करून ताटकळत होते आणि जोडी त्यांच्याकडे पाठ फिरवून पडली होती.

"पोटं बघा यांची! कुणीतरी यांना खायला घालतंय," डॉक्टर म्हणाले.

मॅडमनी काकांकडे पाहिलं. मॅडम म्हणजे मत्स्यालयाच्या व्यवस्थापक. त्यांनी नुसतं पाहिलं तरी माणूस कबुली देई.

"चिमूटभरच, मॅडम," काका कानकोंडे होऊन म्हणाले. "कोळंबीचा चुरा. दिवसभर दुसऱ्याचे दात कोरून जगतात बिचारे. मला बघवेना."

"अहो काका, भरल्या पोटी कोण कुणाचे दात कोरेल?" मॅडम म्हणाल्या. " सोमवारपर्यंत ठिपके गेले नाहीत, तर आजोबांना उपचारासाठी दुसऱ्या गावच्या मत्स्यालयात हलवावं लागेल. आणि या वयात गेलेला मासा काही परत येत नाही."

काकांनी तिथल्या तिथे शपथ घेतली. आजपासून चिमूटभरही नाही.

दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हाताने उतरले. जोडी धावतच आली. तिने हातमोजे हुंगले, काहीच मिळेना म्हणून काकांच्या हनुवटीवरची दाढी करताना झालेली जखम कुरतडली आणि शेवटी त्यांच्या कानाशी ठाण मांडलं. टाकीतल्या माशांना वाटलं, दुकान इकडे हललं. आधी एक पिवळा मासा काकांसमोर येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी तीन, आणि सगळ्यांना बाजूला सारत आजोबा. काकांची पाठ काचेला टेकली आणि समोर बादलीएवढा 'आ'.

बाहेर एक छोटी मुलगी किंचाळली, "आई, तो त्या काकांना खाणार!"

"नाही गं," आई म्हणाली, "तो रांगेत उभा आहे."

काकांना बाहेर काढायला तीन माणसं लागली. "उद्यापासून तुम्ही टाकीत उतरायचं नाही," मॅडमनी फर्मावलं. "काच मी घासेन. मला उतरता येतं."

चार दिवस मॅडम उतरल्या. ठिपके मात्र वाढतच गेले आणि जोडी अशी गुबगुबीत झाली की तिला वळताही येईना. "अजून कुणीतरी घालतंय," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका शपथा घेऊन थकले. घरी बायकोनेसुद्धा विचारलं, "खरं सांगा हो, तुम्हीच ना?"

रविवारी मत्स्यालय उघडायच्या आधी काका आजोबांचा निरोप घ्यायला आले. उद्या गाडी येणार होती. आत मॅडम काच घासत होत्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हळूच हातमोज्यातून कोळंबी काढली. चुरा नव्हे, अख्खी.

काकांनी काचेवर टकटक केलं. पाण्याखालच्या चष्म्यामागे मॅडमचे डोळे आजोबांएवढे झाले.

"काय करू हो," वर आल्यावर त्या निथळत म्हणाल्या, "तुम्ही बंद केल्यापासून सारखे माझ्या तोंडाकडे बघायचे."

"माझ्याही बघायचे," काका म्हणाले. चार दिवसांचा राग त्यांनी मनात शोधला, पण तो काही सापडेना. "आता आजोबांचं काय?"

मॅडमनी ओल्या हातानेच फोन लावून गाडी आठ दिवस पुढे ढकलली, सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली आणि टाकीत डॉक्टरांना उतरवलं. डॉक्टरांना कुणाचीच दया येत नसे.

सातव्या दिवशी जोडी मुकाट्याने आजोबांच्या जबड्यात शिरली. काका आणि मॅडम काचेबाहेर श्वास रोखून उभे होते. बऱ्याच वेळाने एक कल्ल्यातून बाहेर आला, मग दुसरा. आजोबांनी समाधानाने तोंड मिटलं. ओठांवर आता एकही ठिपका नव्हता. काकांनी सरळ रडून घेतलं. मॅडमनाही हुंदका आवरेना.

थोड्या वेळाने काका हळूच म्हणाले, "दोघं जरा वाळलेत, नाही?"

"हात खिशातून बाहेर काढा, काका," मॅडम म्हणाल्या आणि आधी स्वतःचे काढले.